तुम्ही विचारलंत म्हणून: जाहिरातीत पहिलं नाव कुणाचं?

मी नाटकांच्या जाहिराती बनवते हे कळलं की ठाण्यात कुणीही, अगदी सोसायटीतले काकासुद्धा, हेच विचारतात, "काय गं, नाव वर की खाली यावरून हे नट खरंच भांडतात?"

भांडतात, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. नटाला पैसे नाइटवर मिळतात, प्रयोग झाला तर पैसे, आणि नाइट वाढवून मागायची तर आपल्या नावावर बुकिंग होतं हे दाखवायला पेपरातल्या जाहिरातीएवढा सोपा पुरावा नाही. पण तिथे जागा केवढी, तर एवढीशी! नाटकाचं नाव, संस्था, लेखक, दिग्दर्शक, वार, वेळ, नाट्यगृह हे सगळं बसवून उरलेल्या पट्टीत पाच कलाकार कोंबायचे. एकदा एकीचं नाव लांबलचक होतं, दुसरीचं सुटसुटीत. फॉन्ट साइज सारखीच, तरी लांब नाव मोठं दिसतं ना, मग रात्री अकराला फोन, "माझं बारीक केलंस का?" मी स्क्रीनशॉट पाठवला तरी पटेना, शेवटी सुटसुटीत नावातली अक्षरं जरा फाकवली, मग दोघी गप्प.

हॉलिवूडही यातून सुटलेलं नाही. १९७४ च्या 'द टॉवरिंग इन्फर्नो'त स्टीव्ह मॅक्वीनचं नाव डावीकडे पण खाली आणि पॉल न्यूमनचं उजवीकडे पण वर, म्हणजे पहिलं कोण ते तुम्हीच ठरवा. आपल्याकडचा तोडगा मला जास्त आवडतो, सगळी नावं संपल्यावर "आणि डॉ. काशीनाथ घाणेकर". शेवटचा नंबर घेऊन भाव पहिल्याचा! आता तर ठाण्यात त्यांच्या नावाचं नाट्यगृहच आहे, त्यामुळे नट कुणीही असो, तिथे प्रयोग असला की पेपरात 'घाणेकर, ठाणे' छापावंच लागतं.

पण वरच्या नावाला भुर्दंडही असतो. चौथं नाव आजारी पडलं तर दोन तालमीत रिप्लेसमेंट उभी राहते, पहिलं पडलं की प्रयोग रद्द, तिकिटांचे पैसे परत. पावसामुळे ठाण्याच्या गडकरी नाट्यगृहाचं बुकिंग थंड असलं तरी निर्माता त्याच नावाकडे बघतो, आणि नाटक पडलं की लोक "अमक्याचं पडलं" म्हणतात, लेखकाचं नाव कोण घेतंय.

खरी गोची पुढे आहे. सिरियल जोरात असताना एकाला पहिलं नाव मिळालं, सिरियल संपली, नंतर पहिलं कुणी देईना आणि दुसरं हा घेईना. चांगला नट हो, पण घरी बसलाय. त्याचा मित्र, ज्याचं नाव कायम चौथं, तो सध्या तीन नाटकांत आहे, रविवारी दुपारी वाशीला भावे नाट्यगृहात आणि रात्री गडकरीला, जाहिरात बघायला त्याला वेळ कुठाय.