बॉयलरचं तांबं: कडक की मऊ?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या पोरांना तांबं तापवून पाण्यात टाकलेलं दिसलं की शंका ठरलेली: "आता कडक होणार नव्हे?" पोलादाची सवय, दुसरं काय! वाफेच्या छोट्या मॉडेल इंजिनाच्या बॉयलरची ट्यूबप्लेट, म्हणजे नळ्या बसवायचा भोकांचा पत्रा, लाकडी हातोड्यानं वळवताना कडा आधी मुकाट वाकते. मग बद्द आवाज जाऊन टणटण यायला लागतं, हातोडा उसळतो. म्हणजे ठोकून तांबं कडक झालं. तिथंच थांबायचं; पुढं रेटलं तर कोपरा चिरतो. सावलीत मंद लाल दिसेपर्यंत, म्हणजे 600 अंशांच्या आसपास तापवलं की तांबं पुन्हा मऊ. पाण्यात टाका नाहीतर हवेत ठेवा, मऊपणात फरक नाही. पाण्यानं काळी खपली तेवढी सुटते.

चांदीच्या डाखालाही साधारण तेवढीच आच लागते, त्यामुळं जोड पुरे होईस्तोवर बॉयलर मऊच झालेला असतो. म्हणून जाडीचा हिशेब मऊ तांब्यावर धरायचा. पाइप विकत आणताना कडक होता, हे विसरायचं.

मग बॉयलर वापरून कडक होतो? 5 बारला वाफ 160 अंशांच्या आसपास. ताण बेताचा असेल तर काही होत नाही. दुप्पट दाबाच्या पाणी-चाचणीत सपाट पत्रा फुगून तसाच राहिला, तर तेवढ्यापुरता कडक होतो. पुढच्या चाचणीत फुगवटा वाढला, तर स्टे, म्हणजे पत्र्याला धरून ठेवणारे आधाराचे दांडे, कमी पडलेत.