मोडीत निघालेले स्टेशन

मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्ग 1891 साली सुरू झाला आणि 1971 साली मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला, एवढे इतिहासाची आवड असलेला कोणताही कोल्हापूरकर सांगेल. पण त्या ऐंशी वर्षांत स्टेशनांवर नांदलेल्या वस्तू गेल्या कुठे, असे विचारले की तोही गप्प होतो. पुठ्ठ्याची जाड तिकिटे, त्यांवर खटकन तारीख उमटवणारे यंत्र, गार्डचा रॉकेलचा कंदील, सिग्नलचे हात, सगळेच नजरेआड झाले. माझा जीव मात्र टोकनच्या कडीत अडकलेला आहे. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून हे टोकन हाती आल्याशिवाय ड्रायव्हरला पुढे जाता येत नसे. टेनिसच्या रॅकेटसारखी ती मोठी कडी, तिला लटकलेली चामड्याची पिशवी आणि पिशवीत धातूचा गोळा, म्हणजेच टोकन. न थांबणाऱ्या गाडीच्या इंजिनातून बाहेर आलेला हात ती कडी नेमकी झेलत असे.

या वस्तू सरसकट चोरीला गेल्या असे म्हणण्याचीही सोय नाही. बहुतेक जुने सामान रीतसर निर्लेखित होते, म्हणजे निकामी ठरवून नोंदवहीतून कमी केले जाते, लिलावात निघते आणि पितळ पितळेच्या भावाने, बीड बिडाच्या भावाने विकले जाते. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीतल्या ओतकामाचा लौकिक लक्षात घेता, सिग्नलचा एखादा खटका आज कुणाच्या उसाच्या फडावर पंप होऊन पाणी उपसत असेल, अशी माझी आपली एक शंका आहे. पुरावस्तूंचा कायदा आला 1972 साली, म्हणजे मीटरगेज गेल्यानंतर वर्षभराने, आणि तो सर्वसाधारणपणे शंभर वर्षांची अट घालतो; तेव्हा या मार्गावरच्या अगदी पहिल्या दिवसाच्या वस्तूलाही मोडीत निघताना वीस वर्षे कमीच पडली असती.

टिकले ते फक्त कामाला जुंपलेले. रुळांचे जुने तुकडे रेल्वेच्या हद्दीत कुंपणाचे खांब म्हणून उभे केलेले दिसतात, आणि रंगाच्या थरांवरून बोट फिरवले तर रुळाच्या उभ्या अंगावर कारखान्याचे नाव व साल उठावाच्या अक्षरांत हाताला लागते. संग्रहालय होईल तेव्हा होवो. रंगाचा पुढचा हात फिरण्याआधी कोणीतरी कागद-पेन्सिल घेऊन ती अक्षरे उतरवून घ्यावीत, आणि निर्लेखनाच्या नोंदीला वस्तूचे एक छायाचित्र जोडण्याची सक्ती व्हावी, एवढे काम फुकटातही होण्यासारखे आहे.