मोगरा किती ग्रॅम?

नवरात्र सरत आलं की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर घरच्या मेणबत्त्या आणि घरचे साबण यांचे फोटो पडायला लागतात. फोटोत सगळं असतं. काचेचा ग्लास, वाळवलेली संत्र्याची चकती, मागे धूसर पणत्या. वास तेवढा नसतो, आणि विकायचा असतो तो नेमका वासच. मग खाली कुणीतरी विचारतंच, "नॅचरल आहे ना?"

मीही हे बनवते आणि विकते, तेव्हा मलाही विचारतात. मी सरळ सांगते, नाही. वास बाटलीतला आहे, कारखान्यात जुळवलेला आहे. विचारणारीचा चेहरा पडतो. पण हिशेब करून बघा ना. किलोभर गुलाबाचं तेल काढायला साधारण तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. साबणाच्या ऐंशी रुपयांच्या वडीत तो गुलाब कुठून येणार? येतं ते फिनाइल इथाइल अल्कोहोल नावाचं गुलाबी वासाचं रसायन आणि त्याचे भाऊबंद. आपल्या गुलाबपाण्याच्या वासातही मोठा वाटा त्याचाच असतो, तेव्हा अगदीच परकं माणूस घरात घेतलं असं नाही. आणि झाडापासून आलेलं म्हणजे निरुपद्रवी, हेही खरं नव्हे. लवंगेचं तेल अस्सल असलं तरी जास्त झालं की कातडीला झोंबतंच. सुगंध उद्योगाची 'इफ्रा' नावाची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, १९७३ सालापासूनची. कुठलं सुगंधी द्रव्य कशात किती चालेल हे ती ठरवते. एकाच तेलाची साबणातली मर्यादा वेगळी, अंगाला न लागणाऱ्या मेणबत्तीतली वेगळी. चांगला दुकानदार या मर्यादांचा कागद मागितला की देतो.

पुण्यात या सगळ्या सामानासाठी मी बोहरी आळी गाठते. दुकानात एका फळीवर मोगरा, शेजारी मोगरा स्पेशल, त्याच्या शेजारी मोगरा सुप्रीम. दुकानदार कागदाची अरुंद पट्टी बाटलीत बुडवतात, दोनदा हलवतात आणि आपल्या नाकापुढे धरतात. मग विचारतात, "ताई, घालणार कशात?"

हा खरा प्रश्न. पट्टीवर सगळेच मोगरे छान असतात. मोगऱ्याच्या वासात बेंझाइल ॲसिटेट असतं, लिनालूल असतं आणि किंचित इंडोल. हे इंडोल मोठं गमतीचं. जास्त झालं तर त्याला चक्क घाण वास येतो, पण संध्याकाळी गजरा सोडल्यावर येतो तो जडसर, जरासा मादक वास त्याच्याशिवाय होत नाही. स्वस्तातल्या मोगऱ्यातून ते गाळलेलं असावं, असा माझा संशय. मग उरतो तो मंगल कार्यालयाच्या स्वच्छतागृहातला मोगरा.

मेणबत्तीचं गणित त्यातल्या त्यात सोपं. शंभर ग्रॅम सोया मेणाला सहा ते आठ ग्रॅम तेल, तेही काट्यावर मोजून. चमच्याचा अंदाज इथे चालत नाही. हात सैल सोडून पंधरा ग्रॅम ओतलं तर वास वाढत नाही, मेणच ते धरेनासं होतं, वरती तेलाचे थेंब साचतात आणि वात चोंदते. मेण ऐंशी अंशांच्या आसपास असताना तेल घालून दोन मिनिटं शांतपणे ढवळायचं, ओतायचं आणि आठ-पंधरा दिवस झाकून विसरून जायचं. लोणच्यासारखं याही प्रकाराला मुरू द्यावं लागतं. पेटवल्यावर जो दरवळ येतो तो ज्योतीतून येतो असं सगळ्यांना वाटतं, पण ज्योत तर वातीतून वर आलेलं मेण आणि तेल जाळूनच टाकते. वास येतो तो ज्योतीभोवती वितळलेल्या मेणाच्या तळ्यातून. म्हणून वात बारीक पडली की तळं इवलंसं, आणि महागातला सुगंध काचेला चिकटून राहिलेल्या मेणात तसाच कोंडलेला.

साबणात मात्र एकेका वासाचा स्वभाव कळतो. तयार ग्लिसरीन बेस वितळवून केलेला साबण गरीब, काहीही सोसतो. खरी कसोटी कॉस्टिक सोड्याच्या साबणाची. स्टीलचं भांडं (ॲल्युमिनियमचं चुकूनही नको, सोडा ते खातो), हातात मोजे, डोळ्यांना चष्मा. सोड्याचं गार झालेलं पाणी तेलात ओतून ब्लेंडर फिरवायचा. मिश्रण दाटत जातं. ब्लेंडर उचलल्यावर खाली पडणारी धार पृष्ठभागावर रेघ ठेवून जायला लागली की सुगंध घालायची वेळ झाली. गवती चहाचं तेल घातलं तर काही कुरकुर नाही. लवंगेचं घाला. ब्लेंडरचा आवाज बदलतो, घरघर जड होते, भांड्याच्या कडेनं मिश्रण सुटायला लागतं, आणि नक्षीसाठी दोन रंग कालवून ठेवलेले तसेच वाटीत राहतात. मग उलथन्यानं दाबून दाबून साचे भरायचे. ती वडी दिसायला ओबडधोबड होते, पण लवंगेचा वास शेवटच्या चकतीपर्यंत टिकतो. उलट लिंबू, संत्रं. बाटलीचं झाकण उघडताच जीव हरखून जावा असा वास, आणि चार-सहा आठवडे वडी वाळेपर्यंत त्यातलं नावालाही उरत नाही.

व्हॅनिलाची तऱ्हा आणखी वेगळी. वास कुठे जात नाही, रंग जातो. पांढरी वडी आधी बदामी होते, मग चॉकलेटी. टीमान आणि हारमान या जर्मन रसायनतज्ज्ञांनी १८७४ साली पाइनच्या झाडात सापडणाऱ्या एका द्रव्यापासून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या वासातलं मुख्य द्रव्य, बनवून दाखवलं, आणि तेव्हापासून ते स्वस्त होत गेलं. पांढरं राहायला ते अजून शिकलेलं नाही. वडी गोरी ठेवण्याची औषधं मिळतात बाजारात. माझं मत विचाराल तर दोन चमचे कॉफी घालावी आणि मोकळं व्हावं.

अलीकडे 'पहिला पाऊस' नावाची बाटली फार खपते. मातीच्या वासाचं वेड आपल्याकडे जुनंच. उत्तर प्रदेशात अत्तरांच्या कनौजला भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या डेगीत घालून त्यांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात, तेच मिट्टी अत्तर. पावसात भिजलेल्या मातीच्या वासामागे जिओस्मिन नावाचं द्रव्य असतं, मातीतले जिवाणू ते तयार करतात, आणि माणसाचं नाक त्याला इतकं तिखट की हवेत त्याचा अंशाचाही अंश असला तरी ओळखतं. हे सगळं कबूल. पण पावसाचा वास यावा म्हणून काडी ओढून आग लावायची, हे काही मला जमत नाही. पावसाला मी साबणात ठेवते. तिथे निदान पाणी तरी असतं.

बनवणाऱ्याला मात्र यातलं काहीच धड कळत नाही. दिवसभर तेच हुंगून नाक बधिर होतं, मेणबत्ती पेटवली तरी वास येतोय की नाही याची शंका. म्हणून परीक्षा बाहेरून येणाऱ्यानं घ्यावी. परवा वेलदोड्याची मेणबत्ती लावून बसले होते, तेवढ्यात समोरच्या काकू आल्या. चपला काढता काढताच म्हणाल्या, "बासुंदी केलीस गं?"

"नाही काकू, मेणबत्ती आहे."

"अगंबाई! मी म्हटलं, वाटी घेऊन यायला हवं होतं."

जाताना त्यांनी एक विकत घेतली, पण मोगऱ्याची. वेलदोड्याची नको म्हणाल्या. काकांना शुगर आहे, वासानंच गोड मागत बसतील.