ब्रुक यांनी सोडलेली आघाडी

देवळालीला तोफखान्याच्या स्कूलमध्ये शिकवायचो तेव्हा इतिहासाचा तास माझ्याकडे असे. पोरांचा तो डुलकीचा तास. म्हणून मी नकाशा, पट्टी, पेन्सिल देऊन पहिल्या महायुद्धातल्या, १९१६ च्या सॉमच्या लढाईतला सरकता तोफमारा हाताने आखायला लावायचो. फ्रेंचांकडची ही पद्धत ब्रिटिश फौजेत रुजवणाऱ्यांत तोफखान्याचे अधिकारी अ‍ॅलन ब्रुक होते. तेव्हा १८व्या डिव्हिजनच्या तोफखान्यात.

गोळ्यांची भिंत ठरल्या मिनिटाला पुढे सरकते, पायदळ तिला चिकटून चालतं. बाहेरच्याला धडाका दिसतो. आमचा जीव अडकतो आकड्यांत. नळी झिजली, गोळा अलीकडे पडतो. दारू थंड असली, अलीकडे. समोरून वारा, तरी अलीकडेच. आणि अलीकडे असतात आपलीच माणसं! शिवाय एकाच तोफेचे गोळे रुंदीपेक्षा लांबीत जास्त विखुरतात. हल्ली हे सगळं संगणक काढून देतो. पोरांना आकडा मिळतो, धास्ती मिळत नाही.

त्या दिवशी एका कॅप्टनने पट्टी खाली ठेवून विचारलं, "सर, या ब्रुकसाहेबांनी पुढे कुठली लढाई जिंकली?"

मी सांगितलं. १९४० साली डंकर्कच्या माघारीत एक कोअर, म्हणजे काही डिव्हिजनांचं दल, सांभाळलं. डिसेंबर १९४१ पासून १९४६ पर्यंत ब्रिटिश भूदलाचे प्रमुख. ऑगस्ट १९४२ मध्ये चर्चिल यांनी मध्यपूर्वेची कमान देऊ केली, ती नाकारली. चर्चिलना आवरायला आपणच जवळ हवं, असं त्यांचं मत. पुढे फ्रान्सवरच्या स्वारीची कमान कबूल झाली होती, तीही १९४३ मध्ये क्विबेकच्या परिषदेत अमेरिकनांकडे गेली.

"मग ते काही बोलले नाहीत?"

"निराश झालो, एवढंच म्हणाले. बाकीचं रोज रात्री बायकोसाठी लिहिलेल्या डायरीत."

"तुम्ही असता तर?"

"मध्यपूर्व घेतली असती," मी लगेच म्हणालो. मला ते खरंच खटकतं. नाकारल्यानंतर तिसऱ्याच महिन्यात त्याच आघाडीवर, इजिप्तमधल्या अलामेनला, नऊशेच्या आसपास तोफा एकदम सुटल्या. असा मारा तोफखान्याच्या माणसाला जन्मात एकदा मिळतो. श्रेय गेलं तिथले सेनापती माँटगोमेरींना, म्हणजे पायदळवाल्याला. पायदळवाले मारा मागतात आपल्याकडून आणि पदकं लावतात स्वतःला, हे माझं जुनंच दुखणं.

कॅप्टन म्हणाला, "पण सर, तेवढ्या तोफा जमेपर्यंत लंडनमध्ये हल्ल्याची घाई करणाऱ्या चर्चिलना थोपवून धरलं कोणी?"

वर्ग हसला. मी त्याला तोफमाऱ्याचं वेळापत्रक पुरं करायला सांगितलं. निवृत्तीनंतर मी ब्रुक यांच्या डायऱ्या पुन्हा वाचायला काढल्या आहेत, त्या १९४२ च्या ऑगस्टसाठीच.