एप्रिलमधला युरोप
आज ऑफिस सुटल्यावर दादरला चहा घेत आम्ही दोघं हनीमूनचा हिशोब मांडून बसलो आणि स्वित्झर्लंड, पॅरिस बाजूला ठेवून प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट फायनल केलं, कारण तिन्ही ट्रेनने जोडलेली, प्राग ते व्हिएन्ना साधारण चार तास, पुढे बुडापेस्ट तीन तासांच्या आत, मधली विमानं नकोतच. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) एकच पुरतो, फी माणशी 90 युरो, अर्ज मात्र जास्त रात्री जिथे राहणार त्या देशाकडे. मला प्रागच्या पेट्रिन टेकडीवरची फुललेली झाडं बघायचीत, ह्याला डॅन्यूब नदीकाठची संध्याकाळ हवीये. आई म्हणते मेतकूट-पोहे न्या, आणि खरंच नेणार, एक वेळचं बाहेरचं जेवण वाचतं ना! कोणी गेलं असेल तर किचनवाली स्वस्त जागा सांगा प्लीज, खूप एक्सायटेड आहे मी.