धामापूरचा तलाव नैसर्गिक आहे का?

मालवण तालुक्यातील धामापूर हे माझे आजोळ आहे, असे कळले की बहुतेक जण हाच प्रश्न विचारतात. तुम्हीही विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हा तलाव नैसर्गिक नाही. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी धामापूर आणि काळसे या गावांच्या मदतीने इ. स. १५३० मध्ये दोन डोंगरांमधील जागा मातीच्या बांधाने अडवली आणि डोंगरातून उतरणारे पाणी तेथे साठू लागले. बांध ११ मीटर उंच आणि २७१ मीटर लांब आहे.

एवढा पाऊस पडणाऱ्या कोकणात हा खटाटोप कशासाठी, असे वाटणे साहजिक आहे. पण आमचा पाऊस चार महिन्यांचा. जांभ्यात मुरलेले पाणी लवकर झिरपून जाते, सह्याद्रीपासून समुद्र जवळ असल्याने नद्या धावतच खाडीला मिळतात, आणि शिमग्यापर्यंत बहुतेक व्हाळांत, म्हणजे ओढ्यांत, नुसते गोटे उरतात. वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतर घेतल्या जाणाऱ्या, भातासाठी शेतकरी दगडमातीचे कच्चे बांध घालतात, ते पहिल्याच पुरात वाहून जातात. कायमचा बांध घालणे ही त्याहून फार अवघड गोष्ट, कारण मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले की ते माती कापत जाते. जादा पाण्याला बाजूने वाट ठेवावीच लागते. पाच शतकांपूर्वीच्या माणसांना हे नेमके उमगले होते, याचे मला आजही अपार कौतुक वाटते.

आजी सांगे की पूर्वी लग्नघरच्या माणसांनी तलावाशी मागणे केले की भगवतीच्या कृपेने पाण्यातून दागिने वर येत, कार्य उरकले की ते परत करायचे; कोणीतरी ते ठेवून घेतले आणि देणे थांबले. लहानपणी देवळापाशी पाण्याकडे टक लावून मी कितीतरी वेळ बसत असे.

२०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा दर्जा दिला, तेव्हा गावाला झालेला आनंद मोठा होता. तरीही प्रश्न संपत नाही, कारण गर्द झाडीने वेढलेले ते पाणी खरोखरच आपोआप साचल्यासारखे दिसते. म्हणून पाहुण्यांना मी आधी बांधाच्या खालच्या अंगाला नेते. तेथून पाणी मुळीच दिसत नाही. समोर फक्त हिरवा चढ असतो, आणि त्याच्या पलीकडे सगळा तलाव आपल्या डोक्याच्याही वर उभा असतो.