सात किलोंच्या बॅगेत पाच दिवसांचं खाणं

केबिन बॅगेला सात किलोंची मर्यादा, चेक-इन सामान घ्यायचं नाही, आणि उतरल्यावर पाच दिवस डोंगरात चालायचं. निघायच्या आदल्या रात्री घरात मी आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा, दोघंच जागे होतो.

हिशोब सोपा आहे. स्निग्धांशाच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी, पिष्टमय पदार्थाच्या 4, पाण्याला शून्य. म्हणजे डबाबंद खाणं पहिल्याच फेरीत बाद. आपण पत्रा आणि पाणीच वाहतो. बदाम, शेंगदाणे, ओट्स, मनुका, झटपट नूडल्स, दूध पावडर असं करत रोजचं अर्धा किलो, एकूण अडीच किलो बसवलं.

सिक्युरिटीवर पीनट बटर गेलं. ते तिथं द्रवात धरतात, म्हणजे मर्यादा 100 मिली. बरणी अर्धी रिकामी आहे म्हणून हुज्जत घालून पाहिली, पण आतला माल नाही, बरणीवरचं माप बघतात. मध, जॅम, लोणी यांचंही तेच. दूध पावडर मी शहाणपणा करून साध्या पिशवीत ओतली होती. बिननावाची पांढरी पूड बघून बॅग उघडायला लावली, त्यात दहा मिनिटं गेली. पावडर मूळ पाकिटातच ठेवा. अमेरिकेला जाताना तर केबिन बॅगेत 350 मिलीपेक्षा जास्त पूड असेल तर वेगळी तपासणी होऊ शकते.

त्या पिशवीनं आणखी एक धडा दिला. उडताना केबिनमधला हवेचा दाब साधारण 1800 ते 2400 मीटर उंचीवरच्या इतका उतरतो, त्यामुळे बंद पिशवीतली हवा फुगते. माझी पिशवी हवेसकट बंद केलेली. उतरून बघतो तर झिप सुटलेली आणि मोज्यांच्या घड्यांत पावडर. पहिल्या दिवशी पाय घामेजले आणि मोजे चिकट झाले! बंद करण्याआधी हवा दाबून काढा.

कॅम्पिंग स्टोव्हचा गॅस केबिनमध्ये नाही आणि चेक-इनमध्येही नाही. मी चूल हा विषयच सोडला. ओट्स रात्री गार पाण्यात भिजवले, नूडल्सही अर्धा तास भिजवून खाल्ल्या. पोट भरतं, पण चवीबद्दल बोलायला नको.

उतरताना फॉर्मवर खाद्यपदार्थ आहेत का विचारतात, तिथं बिनधास्त 'हो' लिहा. मी लिहिलं, पाकिटांवर नजर टाकून त्यांनी सोडलं. लपवलेलं सापडलं तर मात्र महागात पडतं. न्यूझीलंडमध्ये बॅगेत विसरलेल्या सफरचंदापायीही 400 न्यूझीलंड डॉलरचा दंड जागच्या जागी होऊ शकतो. युरोपीय संघात बाहेरच्या बहुतेक देशांतून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, तिथं दूध पावडर घरीच ठेवा. विमानात मिळालेलं फळ विमानातच संपवा.

तिसऱ्या दिवसापासून मनुका घशाखाली उतरेनात, जीव नुसता मिठासाठी तळमळत होता. पुढच्या खेपेला ओट्स निम्मे आणि खारे दाणे दुप्पट.